मूल बोलत नाहीये, ऑटिझमची शंका येतेय? मदत शोधताना या चुका टाळा

आमचा लेक एकोणीस महिन्यांचा होता तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी वेगळं आहे, आणि त्याचं पहिलं नीट असेसमेंट झालं तेव्हा तो तीन वर्षं दोन महिन्यांचा होता. मधलं दीड वर्ष आम्ही घालवलं, कुणी वाईट वागलं म्हणून नाही, सगळे धीरच देत होते आणि आम्हाला तोच हवा होता. आता तो आठ वर्षांचा आहे. थेरपी सेंटरच्या बाहेर बाकावर बसून इतक्या आईबाबांशी बोलणं झालंय की एक गोष्ट कळली, बहुतेक सगळे त्याच चार-पाच ठिकाणी अडकतात. मी डॉक्टर नाहीये, पण ती ठिकाणं मला पाठ झालीयेत.

फक्त शब्द मोजत बसू नका

आमच्याकडे सगळं लक्ष "बोलतो का" यावरच होतं. तो "काऊ", "पापा" असे सहा-सात शब्द बोलायचा म्हणून आम्ही निवांत. पण त्याला फ्रीजमधलं काही हवं असलं की तो माझ्या तोंडाकडे बघायचाच नाही, माझं मनगट पकडायचा, ओढत ओढत न्यायचा आणि माझा पंजा फ्रीजच्या हँडलवर नेऊन ठेवायचा. दार उघडलं की हात सोडून द्यायचा. मला ते इतकं गोड वाटायचं की मी त्याचा व्हिडिओ सगळ्या नातेवाईकांना पाठवला होता. नंतर डॉक्टरांनी नेमका तोच व्हिडिओ तीनदा बघितला.

बघायचं असतं ते हे. वर्षाच्या आसपास नावानं हाक मारली की वळतो का. दीड वर्षापर्यंत हवी ती वस्तू बोटानं दाखवतो का, आणि नुसतं "ते बघ" म्हणून, म्हणजे काही नको असताना, विमान नाहीतर कुत्रा दाखवून मग तुमच्याकडे बघतो का. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे आणि घरात तो कोणाच्याच लक्षात येत नाही. टाटा करणं, खोटा खोटा चहा पिणं, तुमची नक्कल करणं. आणि गाडी चालवण्याऐवजी उलटी करून तासनतास चाकच फिरवणं, वस्तू ओळीत लावणं, ओळ मोडली की आकांत, मिक्सरच्या आवाजाला कान झाकणं. यातल्या एकाच गोष्टीवरून काही ठरत नाही, पण तीन-चार एकत्र दिसल्या तर तपासून घ्या. आणि येत असलेले शब्द गेले असतील तर मात्र एक दिवस पण थांबू नका, वय काहीही असो. आमचा "काऊ" दुसऱ्या वाढदिवसाच्या आत गेला होता आणि आम्ही म्हणत होतो की विसरला असेल.

"याचा बाप पण उशिराच बोलला होता"

हे वाक्य प्रत्येक मराठी घरात आहे. सासूबाईंनी मनापासून सांगितलं, आत्याबाईंनी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितलं, शेजारच्या काकूंनी जिभेखालची शीर कापून घ्या म्हटलं, कुणी म्हणालं प्लेग्रुपला टाका, मुलांमधे राहिला की बोलेल. जीभ खाली चिकटलेली असेल तर उच्चार अडखळू शकतात, पण त्यामुळे मूल बोट दाखवायचं थांबत नाही की हाकेला ओ द्यायचं थांबत नाही, एवढं लक्षात ठेवलंत तरी एक अनावश्यक ऑपरेशन वाचेल.

काही वेळा लसीकरणाचे डॉक्टर पण म्हणतात की तीन वर्षांपर्यंत बघू. त्यांच्याकडे तुमच्यासाठी पाच मिनिटं असतात आणि त्या पाच मिनिटांत मूल इंजेक्शनच्या भीतीनं रडत असतं, त्यांना दिसणार काय? म्हणून भांडत बसू नका, पुरावा घेऊन जा. घरातले तीस-चाळीस सेकंदांचे चार-पाच व्हिडिओ, एकात हाक मारताय आणि तो वळत नाहीये, एकात एकटा खेळतोय, एकात जेवतोय, एकात त्याला काहीतरी हवंय. आणि सरळ विचारा, "एम-चॅट करून देता का?" ही सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठीची वीस हो-नाही प्रश्नांची यादी आहे, त्यात तीन किंवा जास्त गुण आले तर पुढे बघायचं असतं. त्यावरून निदान होत नाही, पण "मला असं वाटतंय" यापेक्षा कागदावरचा आकडा डॉक्टर जास्त मनावर घेतात. तरीही नाही म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, शक्यतो डेव्हलपमेंटल पेडिअॅट्रिशियनकडे, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासाच्या डॉक्टरांकडे, आणि पहिल्यांना वाईट वाटेल याचा विचार करू नका.

कानाची तपासणी मात्र आधी करून घ्या, आम्ही ती उडवली होती. मोबाईलची जाहिरात लागली की पळत येतो म्हणजे ऐकू येतं, असं आमचं गणित. पण काही ठराविकच आवाज ऐकू न येणं असंही असतं. बेरा नावाची कानाची टेस्ट मूल झोपलेलं असताना करतात, दुखत वगैरे काही नाही. अपॉइंटमेंटच्या दिवशी त्याला गाडीत झोपू देऊ नका, नाहीतर तिथे जाऊन टक्क जागा राहतो आणि परत यावं लागतं.

कुठे जायचं हेच कळत नाही

आम्ही साताऱ्याचे, आणि आमची समजूत अशी की हे सगळं पुण्या-मुंबईतच मिळतं. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं डीईआयसी नावाचं, मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारं केंद्र असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं ते केंद्र आहे, हा कार्यक्रम २०१३ मधे आपल्याच पालघरमधून सुरू झाला आणि त्याच्याच टीम अंगणवाडीत मुलं तपासायला येतात. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना विचारलं तर चिठ्ठी मिळते, पैसे लागत नाहीत. सगळीकडे सगळे थेरपिस्ट भरलेले असतात असं मी म्हणणार नाही, जाण्याआधी फोन करून विचारा की स्पीचच्या मॅडम कोणत्या वारी असतात. मुंबईच्या जवळ असाल तर कान आणि वाचेसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, मुलांच्या विकासासाठी २००१ पासून काम करणारी उम्मीद नावाची संस्था आहे.

आणि वेटिंग लिस्ट असली तर नाव एकाच ठिकाणी घालू नका, दोन-तीन ठिकाणी घाला, जिथे आधी नंबर लागेल तिथे सुरू करा. मोठी चूक काय होते, की निदानाचा कागद हातात आल्याशिवाय थेरपी सुरूच करायची नाही असं लोकांना वाटतं. बोलण्याला उशीर आहे एवढ्यावर स्पीच थेरपी सुरू करता येते, पुढे नाव काहीही निघो.

"मोबाईल बंद केला की सगळं ठीक होईल"

मोबाईल कमी कराच, दोन वर्षांच्या आतल्या मुलाला तर स्क्रीन नकोच असं बालरोगतज्ज्ञांची संघटना पण सांगते. पण व्हर्च्युअल ऑटिझम, म्हणजे स्क्रीनमुळेच ऑटिझमसारखं वागणं येतं, हा शब्द ऐकून आम्ही मोबाईल कपाटात ठेवला आणि सहा महिने नुसती वाट बघितली, ते चुकलं. तो शांत झोपायला लागला, थोडा जास्त जवळ यायला लागला, बोट मात्र दाखवेना. दोन्ही एकाच वेळी करा, मोबाईल बंद आणि अपॉइंटमेंट पण.

घरात फक्त इंग्लिश बोला, हा सल्ला

यावर मला खूप राग येतो म्हणून जरा जास्त लिहितेय. एका प्ले स्कूलमधे आम्हाला सांगितलं की मुलगा कन्फ्यूज होतोय, घरी एकच भाषा ठेवा, इंग्लिश ठेवा, पुढे शाळेला बरं पडेल. आम्ही ऐकलं. परिणाम असा झाला की माझी आई, जी दिवसभर त्याच्याजवळ असायची, जी त्याला मांडीवर घेऊन "चिऊताई चिऊताई दार उघड" म्हणायची, ती गप्प झाली, कारण तिला "कम हिअर" म्हणायला जमेना आणि आपल्यामुळे नातवाचं नुकसान होईल अशी भीती बसली. म्हणजे ज्याला जास्त बोलणं ऐकायला हवं होतं त्याच्या आजूबाजूचं बोलणंच आम्ही कमी केलं. मी पण इंग्लिशमधे तोडकं-मोडकं, ठरवून बोलायचे, लाडानं बोलताच यायचं नाही. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही, हे संशोधनात परत परत दिसलंय. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, झोपवता तीच वापरा आणि थेरपिस्टला पण सांगा की शब्द मराठीतले घ्या. आमच्या लेकाचा परत आलेला पहिला शब्द "दे" होता.

थेरपी म्हणजे मुलाला आत सोडून बाहेर बसणं नाही

आठवड्यातून दोनदा पाऊण तासाचं सेशन, म्हणजे दीड तास. उरलेले सगळे तास तो तुमच्याकडे आहे. पहिल्या सेंटरमधे दार बंद व्हायचं, मी बाहेर, संपल्यावर "छान केलं आज" एवढंच. काय छान केलं ते विचारायची हिंमत होत नव्हती. दुसऱ्या ठिकाणी मॅडमनी मला आत बसवलं, मी त्याच्याशी खेळतानाचं शूटिंग केलं आणि मलाच दाखवलं. त्यात मी दर दोन सेकंदांनी विचारत होते, हे काय आहे, सांग ना, बॉल बोल, बोल बॉल! त्याला उत्तर द्यायला जागाच नव्हती.

मग शिकले ते इतकंच, की तो जे करतोय त्यात शिरायचं, एकच शब्द म्हणायचा आणि थांबायचं. झोका देताना मधेच झोका धरून ठेवायचा आणि मनातल्या मनात दहा मोजायचे, त्यानं नुसतं बघितलं तरी "दे!" म्हणून झोका सोडायचा. पोळ्या करताना कणकेचा गोळा त्याच्या हातात, तो दाबतोय, मी "दाब" म्हणतेय, बस. पालकांना असं व्हिडिओवरून शिकवण्याची पद्धत गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ मुलांवर तपासली गेली होती, २०१६ मधे ते छापून आलं, सहा महिन्यांत बारा सेशन, आणि शिकवणारे साधे प्रशिक्षित कार्यकर्ते होते, मोठे स्पेशलिस्ट नाहीत. मुलं आपणहून संवाद सुरू करायला लागली असं त्यात दिसलं. तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्या, कारण तिथे निराशा लवकर येते.

पिक्चर कार्डांना घाबरू नका. चित्र दाखवायची सवय लागली तर बोलणार नाही असं नसतं, उलट मागता आलं की आदळआपट कमी होते. आणि आदळआपटीला हट्ट समजून फटके देऊ नका. लग्नाच्या हॉलमधे बँड सुरू झाला आणि आमचा जमिनीवर पडला तेव्हा मी त्याला मारलं होतं, ते अजून आठवतं. त्याला तो आवाज सहन होत नव्हता.

लाखांची पॅकेजेस

स्टेम सेल, रक्तातलं विष काढणं, ऑक्सिजनचं चेंबर, "सहा महिन्यांत ऑटिझम मुक्त". पालक रात्री दोनला रडत सर्च करत असतात तेव्हाच या जाहिराती समोर येतात. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, त्यांच्या २०१७ च्या नियमांत स्टेम सेलला फक्त रक्ताच्या काही आजारांसाठी मान्यता आहे, त्यात ऑटिझम नाही. पूर्ण बरं करतो असं कोणी लिहून देत असेल तर तिथून उठून या, दागिने मोडू नका. लसीमुळे ऑटिझम होतो ही भीती पण तशीच खोटी. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो आणि लक्षणं पण त्याच वयात डोळ्यात भरतात, म्हणून दोन्हीची सांगड घातली जाते. ज्या पेपरमुळे ही भीती पसरली तो १९९८ चा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० मधे मागे घेतला. धाकट्याची लस थांबवू नका.

सर्टिफिकेट

शिक्का बसेल म्हणून लोक दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट टाळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, स्वावलंबन पोर्टलवरून काढता येतं. त्यावर निरामय विमा मिळतो, एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्च पण त्यात बसतो, आणि जुन्या कर पद्धतीत ७५,००० ची वजावट आहे, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कार्ड कपाटात राहतं, कोणाला दाखवायचं ते तुम्हीच ठरवता.

एक गोष्ट आईंसाठी. तू नोकरी केलीस म्हणून, प्रेग्नन्सीत टेन्शन घेतलंस म्हणून, असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे. आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो असं एके काळी डॉक्टर पण मानायचे, ते कधीच मोडीत निघालंय. खूप अंधारून आलं तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आणि बाबांनो, निदान महिन्यातून एकदा तरी सेशनला तुम्ही जा, आई सांगतेय त्यापेक्षा डोळ्यांनी बघितलं की घरातले वाद निम्मे होतात.

आता फाईल. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, व्हिडिओ एका फोल्डरमधे ठेवा, आणि पहिल्या पानावर काय जमत नाही याची यादी लिहू नका, ती पुढच्या वीस पानांत आहेच. त्याला काय आवडतं, काय जमतं, कशानं शांत होतो ते लिहा. आमच्या फायलीची पहिली ओळ आहे, "याला पाण्याचा आवाज आवडतो, नळ सोडला की येऊन उभा राहतो." गेल्या महिन्यात नवीन स्पीच थेरपिस्टनं ते वाचलं, फाईल मिटून टेबलावर ठेवली आणि त्याचा हात धरून त्याला आधी बेसिनपाशी घेऊन गेली.