टॉरेंट अडकलंय? सेटिंगला हात लावायच्या आधी हे बघा

टॉरेंट (म्हणजे एका सर्व्हरऐवजी लोकांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्या-तुकड्यांनी उतरणारी फाइल) शून्यावर येऊन बसलं की बहुतेक जण पहिलं काय करतात, तर नेटवर 'बेस्ट सेटिंग' शोधतात, कुणीतरी दिलेले आकडे जसेच्या तसे भरतात, वर पन्नास ट्रॅकरची (फाइल कुणाकुणाकडे आहे ते सांगणाऱ्या सर्व्हरची) यादी आणून चिकटवतात, आणि तरी काही हलत नाही. हलणार कसं, बऱ्याचदा तुमच्याकडे काही बिघडलेलंच नसतं, समोर फाइल द्यायलाच कुणी नसतं. म्हणून आधी एवढंच ठरवायचं की घोळ टॉरेंटमध्ये आहे की आपल्या नेटमध्ये.

त्यासाठी सोपी टेस्ट आहे. उबुंटू या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमच्या साइटवर जाऊन डेस्कटॉप आयएसओची (म्हणजे ती इन्स्टॉल करायच्या फाइलची) टॉरेंट फाइल घ्या आणि लावा. आयएसओ चांगली काही जीबीची असते पण पूर्ण उतरवायची गरज नाही, पाच मिनिटं चालू ठेवली तरी बास. याला जगभरातून कायम भरपूर सीड (पूर्ण फाइल जवळ असलेले आणि ती वाटणारे) असतात त्यामुळे हे सुसाट पळालं तर तुमचं नेट, राउटर, सॉफ्टवेअर सगळं धडधाकट आहे, आणि जे अडकलंय ते टॉरेंटच मेलंय किंवा मरायला टेकलंय. उबुंटूपण रांगत असेल तर मात्र घोळ आपल्या घरात आहे. डेबियन किंवा लिब्रेऑफिसचं टॉरेंट घेतलं तरी चालेल.

पुढचं सगळं मी क्यूबिटटॉरेंट हे टॉरेंट उतरवायचं सॉफ्टवेअर धरून सांगतोय कारण ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि जाहिराती नाहीत. ट्रान्समिशनपण चांगलं आहे, फक्त त्यात दाखवतात कमी. यूटॉरेंट अजून वापरत असाल तर तुमची मर्जी, पण २०१५ मध्ये त्याच्या इन्स्टॉलरबरोबर एपिक स्केल नावाचं क्रिप्टो मायनिंगचं सॉफ्टवेअर येत होतं आणि त्यावरून मोठी बोंबाबोंब झाली होती, तेव्हापासून मी तरी कुणाला सुचवत नाही.

आणि हो, 'शंभरचा प्लॅन घेतलाय आणि बाराच येतोय' ही तक्रार असेल तर ती तक्रारच नाहीये. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, टॉरेंट मेगाबाइटमध्ये दाखवतं, आठने भागा. १०० एमबीपीएसचं जास्तीत जास्त १२.५ एमबी पर सेकंद होतं. १२ येतोय म्हणजे मस्त चाललंय.

आता स्टेटस वाचायला शिका, निम्मं उत्तर तिथेच असतं. 'क्यूड' म्हणजे अडकलेलं नाही, रांगेत आहे, एका वेळी ठरावीकच टॉरेंट चालतील असं सेटिंग असतं, तुम्ही वीस लावलीत तर बाकीची थांबणारच. 'डाउनलोडिंग मेटाडेटा' वर तासन्‌तास असेल तर तुम्ही मॅग्नेट लिंक टाकलीय, आणि मॅग्नेटमध्ये फाइलींची यादी नसते, फक्त टॉरेंटची ओळख पटवणारा एक लांबलचक कोड असतो, यादी दुसऱ्या कुणाकडून तरी घ्यावी लागते, तो कुणीच सापडत नाहीये. अशा वेळी मॅग्नेटऐवजी टॉरेंट फाइल मिळाली तर यादी तरी लगेच येते. 'एरर्ड' किंवा 'मिसिंग फाइल्स' दिसलं तर नेटचा काही संबंध नाही, डिस्क बघा. आणि 'स्टॉल्ड' म्हणजे आपण तयार आहोत पण देणारा कुणी नाही.

स्टॉल्ड असेल तर सीडचा कॉलम बघायचा. तिथे ० (५) असं काहीतरी असतं, पहिला आकडा म्हणजे तुम्हाला आत्ता जोडलेले सीड, कंसातला म्हणजे एकूण आहेत असं कळलेले. ० (०) असेल तर कुठलंही सेटिंग कामाचं नाही, वाट बघायची किंवा दुसरं टॉरेंट शोधायचं. ० (५) असेल तर पाच जण आहेत पण आपण त्यांच्यापर्यंत पोचत नाहीये, ही केस वेगळी, ती पुढे सांगतो. पण कंसातल्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नका, ट्रॅकरने सांगितलेला आकडा शिळा असू शकतो, काही साइटवर तर मुद्दाम फुगवलेला असतो.

याच्यापेक्षा कामाचा आकडा आहे अव्हेलेबिलिटीचा, आणि तोच कुणी बघत नाही. टॉरेंटवर क्लिक केलं की खाली जनरल टॅबमध्ये दिसतो. १ किंवा त्याच्या वर असेल तर जोडलेल्या सगळ्यांकडचे तुकडे मिळून पूर्ण फाइल होते, आज ना उद्या मिळेल. ०.९७ असेल तर ९७ टक्के तुकडेच या लोकांत मिळून आहेत, उरलेले ३ टक्के कुणाकडेच नाहीत. 'माझं ९७ ला येऊन थांबलं हो' म्हणणारे जे असतात त्यांचं हेच झालेलं असतं, आणि गंमत म्हणजे जोडलेले सगळेच ९७ ला थांबून एकमेकांच्या तोंडाकडे बघत असतात. असं का होतं, तर सॉफ्टवेअर आधी दुर्मिळ तुकडे उचलतं आणि पसरवतं, त्यामुळे सीड निघून गेला तरी उरलेले सगळे साधारण एकाच टक्क्याला येऊन अडकतात. यावर इलाज एकच, टॉरेंट चालू ठेवून द्यायचं. सीड करणारा युरोप-अमेरिकेतला असेल तर त्याचा कॉम्प्युटर आपल्या झोपेच्या वेळी चालू असतो, म्हणून दिवसा मेलेलं टॉरेंट रात्रीतून पूर्ण झालेलं दिसतं. दिवसातून दहा वेळा पॉज-रिझ्यूम करून काही होत नाही.

जुनी मराठी पुस्तकं काढणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. इंटरनेट आर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या स्कॅनमध्ये भरपूर मराठी पुस्तकं आहेत आणि तिथे टॉरेंटचाही पर्याय असतो. त्यात दुसरा माणूस एकही नसला तरी चालतं कारण आर्काइव्हचा सर्व्हरच वेब सीड म्हणून तुकडे देतो, त्यामुळे सीड शून्य दिसलं म्हणून घाबरायचं नाही. पण तिथल्या फाइलींमध्ये नंतर काही बदल झाला आणि तुमच्याकडची टॉरेंट फाइल जुनी असेल तर तुकडे जुळत नाहीत आणि शेवटच्या टक्क्याला अडकतं. त्याच पानावरून टॉरेंट फाइल नव्याने घ्या, जुन्याच फोल्डरवर लावा, चेक होऊन पुढे जाईल. एखाद-दुसरंच पुस्तक हवं असेल तर सरळ पीडीएफच उतरवा की, टॉरेंट कशाला.

आता ० (५) वाली केस, किंवा उबुंटूसुद्धा रांगतंय अशी. क्यूबिटटॉरेंटच्या खालच्या पट्टीत कनेक्शनचं एक छोटं चिन्ह असतं, त्यावर माउस नेला की 'ऑनलाइन', 'नो डायरेक्ट कनेक्शन्स' किंवा 'ऑफलाइन' असं काहीतरी लिहून येतं. 'नो डायरेक्ट कनेक्शन्स' आलं तर तुम्ही फायरवॉल्ड आहात, म्हणजे तुम्ही बाहेरच्यांना जोडू शकता पण बाहेरचे तुम्हाला जोडू शकत नाहीत. भरपूर सीड असलेल्या टॉरेंटला याने फारसा फरक पडत नाही. पण सीड मोजकेच आणि तेही फायरवॉल्ड असले तर दोघंही आपापल्या बंद दारामागे बसून कडी वाजायची वाट बघतात आणि भेट काही होत नाही.

दार उघडायला आधी विंडोजचं फायरवॉल बघा, पहिल्यांदा सॉफ्टवेअर चालवताना जो परवानगीचा बॉक्स येतो तो आपण न वाचता कॅन्सल करतो. मग सॉफ्टवेअरमध्ये यूपीएनपी चालू आहे का आणि राउटरमध्येही आहे का ते बघा, दोन्हीकडे असेल तर पोर्ट (बाहेरच्यांना आत यायचं नंबराचं दार) आपोआप उघडतो. नसेल तर राउटरच्या पानावर (बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) जाऊन पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये हाताने टाकायचा, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. पोर्ट ६८८१ ते ६८८९ मधला नको, ते टॉरेंटचे जगजाहीर जुने पोर्ट आहेत आणि अडवणारा आधी तेच अडवतो, ५०,००० च्या पुढचा कुठलातरी घ्या. कॉम्प्युटरला घरातला आयपीही (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करून द्या, नाहीतर उद्या तो बदलेल आणि फॉरवर्डिंग भलत्याच मोबाइलकडे जाईल.

एवढं करूनही फायरवॉल्डच दिसत असेल तर बहुतेक तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे नेटवाल्याकडे आयपी अॅड्रेस कमी आणि गिऱ्हाईक जास्त, म्हणून तो एकच पब्लिक आयपी अनेक घरांना वाटून देतो. मोबाइल नेटवर तर हे सर्रास असतं, आणि बऱ्याच गल्लीतल्या फायबरवाल्यांकडेही. ओळखायचं कसं, तर राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरला नेटवाल्याकडून मिळालेला) बघा आणि गुगलला 'व्हॉट इज माय आयपी' विचारून येणारा बघा. दोन वेगळे असतील, किंवा राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ यातल्या कशाने सुरू होत असेल, तर संपलं, तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, पुढे नेटवाल्याचं कुलूप आहे. मग नेटवाल्याला फोन करून थेट 'पब्लिक आयपी मिळेल का, महिन्याचे किती' एवढंच विचारा. 'टॉरेंट स्लो आहे' असं म्हणालात तर माणूस येईल, स्पीड टेस्ट लावून काटा दाखवेल, 'सर बघा फुल स्पीड येतंय' म्हणेल आणि जाईल. फुकटातला उपाय म्हणजे आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे आयपी अॅड्रेस. तुमच्या नेटवर ते मिळत असेल तर राउटरमध्ये चालू करा, त्यात अशी वाटावाटी लागत नाही, फक्त समोरच्याकडेही ते हवं आणि राउटरच्या फायरवॉलने येणाऱ्याला आत सोडायला हवं.

व्हीपीएन वापरणाऱ्यांनी एक हमखास बघायचं, अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये नेटवर्क इंटरफेस. तिथे व्हीपीएन निवडून ठेवलेलं असेल आणि आज व्हीपीएन बंद असेल तर सगळीच्या सगळी टॉरेंट एकदम शून्यावर, बाकी नेट मात्र मजेत चालू. फुकटच्या व्हीपीएनमध्ये तर टॉरेंट बरेचदा बंदच केलेलं असतं.

नेटवाला मुद्दाम गळा आवळतोय असा संशय सगळ्यांनाच येतो, आणि तसं होत नाही असंही नाही. अमेरिकेत २००७ मध्ये कॉमकास्ट कंपनी बिटटॉरेंटची कनेक्शनं मधल्यामध्ये तोडताना पकडली गेली आणि २००८ मध्ये तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने तिला हे बंद करायला सांगितलं. पण तुमच्याकडे तसंच होतंय हे धरून चालू नका, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तेच उबुंटू लावून बघा, फरक पडला तर बोला. एन्क्रिप्शनचं सेटिंग 'अलाऊ' वर ठेवा, 'रिक्वायर' केलं तर एन्क्रिप्शन न वापरणारे सीड तुम्ही स्वतःच गमावता. हॉस्टेल किंवा ऑफिसच्या नेटवर अडवलेलं असेल तर तिथे डोकं लढवू नका, नोकरी टॉरेंटपेक्षा महत्त्वाची.

अपलोड शून्य किंवा १ केबीवर बांधून ठेवणारे शहाणे बरेच आहेत, 'डाउनलोडला जास्त वाव मिळेल' म्हणून. उलटं होतं. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटॉरेंट काढलं तेच देवाणघेवाणीवर, जो मला तुकडे देतो त्याला मी आधी देणार असा हिशोब प्रत्येक सॉफ्टवेअर थोड्या थोड्या सेकंदांनी करत असतं. सीड खूप असतील तर तुमचा कंजूषपणा खपून जातो, पण अर्धवट फाइलवालेच जास्त असतील तर तुम्ही रांगेत शेवटी. दुसऱ्या टोकाला अपलोड मोकाट सोडलं आणि तुमच्या प्लॅनचं अपलोड कमी असलं तर तीच लाइन तुंबते, आणि डाउनलोडची पोच पाठवायलाही जागा राहत नाही. तेव्हा स्पीड टेस्ट करून जेवढं अपलोड येतं त्याच्या ७०-८० टक्क्यांवर मर्यादा टाकायची. कनेक्शनची संख्याही हजारोंत नेऊ नका, स्वस्तातला राउटर त्यात गुदमरतो आणि मग घरातल्या टीव्हीचंही नेट जातं.

ट्रॅकरच्या याद्यांबद्दल माझं मत वाईट आहे. ट्रॅकर फाइल देत नाही, कोण कोण आहे एवढं सांगतो, आणि तेच काम डीएचटी आणि पीअर एक्सचेंज (ट्रॅकरशिवाय लोक एकमेकांना शोधतात त्या पद्धती) करतात, ते चालू आहेत ना बघा. ट्रॅकर टॅबमध्ये चार-पाच 'नॉट वर्किंग' दिसले तरी एखादा चालू असला की पुरे. प्रायव्हेट (फक्त सभासदांसाठीच्या) ट्रॅकरच्या टॉरेंटमध्ये डीएचटी मुद्दामच बंद असतं, तिथे बाहेरचे ट्रॅकर टाकू नका, अकाउंट जाऊ शकतं.

डिस्कचं थोडक्यात. पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटमध्ये असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावतच नाही, कितीही जागा रिकामी असली तरी. स्वस्त पेनड्राइव्हवर थेट डाउनलोड केलं तर लिहिण्याचा वेगच कमी पडतो, आधी कॉम्प्युटरवर घ्या मग कॉपी करा. ९९.९ ला अडकलं असेल आणि अव्हेलेबिलिटी १ किंवा त्याच्या वर असेल तर राइट क्लिक करून 'फोर्स रीचेक' (उतरलेले तुकडे पुन्हा तपासून घेणं), आणि अँटिव्हायरसने एखादी फाइल उचलून नेलीय का तेही बघा. उचलली असेल तर परत आणायच्या आधी ती काय आहे ते वाचा, परवाच्या पिक्चरच्या नावाखाली ईएक्सई फाइल (म्हणजे प्रोग्रॅम) आली असेल तर अँटिव्हायरसचं बरोबर आहे. मोबाइलवर करत असाल तर त्या अॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, स्क्रीन विझली की अँड्रॉइड त्याला झोपवतं.

यातलं काहीच लागू पडलं नाही आणि तीच फाइल कुठे सरळ डाउनलोडला मिळत असेल, तर ती घ्या, टॉरेंट थांबवा, त्याच्या फोल्डरमध्ये अर्धवट फाइलच्या जागी त्याच नावाने ही ठेवा आणि फोर्स रीचेक मारा. फाइल अगदी तीच असेल तर टॉरेंट थेट १०० टक्क्यांवर जातं, तुम्ही सीड होता, आणि ९७ ला अडकून बसलेल्या बाकीच्यांची गाडीही सुटते.