मद्यपी चालकाने जखमी केलं, तर भरपाई कशी मिळवावी?

गोव्यात फोंड्याला रात्रपाळी संपवून स्कूटरने घरी निघालेल्या माणसाला मागून गाडी ठोकते. चालक प्यायलेला. पोलीस गुन्हा नोंदवतात आणि घरच्यांना वाटतं, आता कोर्ट काय ते बघेल. इथेच फसगत होते. फौजदारी खटल्यात चालकाला शिक्षा होईल. मोडलेल्या पायाचे आणि बुडालेल्या पगाराचे पैसे हवे असतील तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वेगळा दावा लावावा लागतो.

सर्वांत आधी १०८ ला फोन. केंद्राच्या २०२५ च्या योजनेनुसार नेमून दिलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता होतात. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, नेलं असेल तर तिथला प्रत्येक कागद जपून ठेवा.

चालक प्यायला होता हे त्याच रात्री कागदावर आलं पाहिजे. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे आणि हे प्रमाण तासागणिक उतरत जातं. म्हणून श्वासाची आणि रक्ताची चाचणी घ्या, असं पोलिसांना स्पष्ट सांगा. जबाबात दारूचा वास, अडखळतं बोलणं, जे दिसलं ते लिहून घ्यायला लावा. चाचणी झालीच नाही, तरी धीर सोडू नका. दाव्यात सिद्ध करायचा असतो तो निष्काळजीपणा, आणि तोही फौजदारी खटल्याइतक्या कडक पुराव्याने नव्हे.

गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो घ्या. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे परवान्याची भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पर्यटकाला भाड्याने दिलेली असेल, तर विमा कंपनी विम्याच्या अटींचा भंग झाला म्हणून हात वर करू पाहते. त्यामुळे चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही प्रतिवादी करा. चालक दारू प्यायला होता, असा बचावही कंपनी घेऊ शकते. पण अशा प्रकरणांत कंपनीने जखमीला आधी पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालयांनी अनेकदा दिले आहेत. कंपनीच्या नकारपत्रावर विसंबून घरी बसू नका.

अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करा. पोलिसांचा अहवालही न्यायाधिकरणाकडे जातो, पण त्याच्या भरवशावर राहणं मला धोक्याचं वाटतं. चालक पर्यटक असला आणि दिल्लीला परत गेला असला तरी तुम्हाला तिकडे जावं लागत नाही. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, म्हणजे गोव्यातच दावा लावता येतो.

बिलं, अपंगत्वाचा दाखला आणि कमाईचा पुरावा जोडा. मासेविक्री करणाऱ्या बाईकडे पगारपत्रक कुठून असणार? तिने बँकेचं पासबुक आणि बाजारातल्या दोघा-तिघांच्या साक्षी द्याव्यात. आणि पोलीस ठाण्याच्या आवारात दहा-वीस हजार हातात ठेवून तडजोडीच्या कागदावर सही मागितली, तर ती करू नका. पायाचं दुखणं किती वर्षं पुरणार आहे, हे त्या रात्री डॉक्टरलाही सांगता येत नाही.

वकिलाची फी झेपत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.