हौशी नाट्यसंस्थेचा वर्षभराचा सीझन कसा लावायचा : आधी तारखा, मग नाटकं

आपल्याकडं जिल्ह्याच्या गावात हौशी नाटकवाल्यांचं ठरलेलं असतं, दिवाळी जवळ आली की राज्य नाट्य स्पर्धेची आठवण होते, मग संहिता शोधा, पात्रं गोळा करा, एक प्रयोग झाला की पुढच्या दिवाळीपर्यंत सगळे आपापल्या शाळेत नाहीतर बँकेत. पण यंदा वर्षभराचा सीझन लावायचाय, तीनेक नाटकं, त्यात एखादं संगीत नाटक, तेही सगळं आधीच जाहीर करून, असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिलंच सांगतो, नाटक निवडून सुरुवात करू नका, तारखांपासून करा. संहिता काय, कपाटात धा पडलेल्या असतात, हॉलची रविवारची तारीख मात्र एकच असते अन् ती कुणीतरी शाळेच्या गॅदरिंगला घेऊन ठेवलेली असते.

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, मोबाईलमधलं नको, अन् आधी जे दिवस आपले नाहीतच ते खोडा. जून-जुलै पेरण्या, पाऊस लांबला की लोकांचा जीव टांगणीला लागतो, तिकीट काढायच्या मूडमधी कुणी नसतं. पोळा, गणपती खोडा. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत तर नायिका सोडाच, प्रॉम्प्टर मिळत नाही. नवरात्रात धाराशिव-लातूरकडची निम्मी माणसं तुळजापूरच्या वाटंवर. अन् लातूर-धाराशिववाल्यांनी वेळ अमावस्या विसरूच नका, येळवशीला अख्खं गाव शेतात असतं, भज्जी अन् आंबील सोडून तुमचं नाटक बघायला कोण येणार. फेब्रुवारी-मार्चात बारावी-दहावीची परीक्षा, घरात पोरगं बारावीला असलं की आई-बाप नाटकाचं नाव काढत नाहीत, शिवाय आपले निम्मे कलाकार मास्तर, ते सुपरविजनला. एप्रिल-मे लग्नं अन् ऊन.

एवढं खोडून उरतं काय ते बघा. सतरा सप्टेंबरच्या आगंमागं एक जागा निघते, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला लोकांना आपल्या मातीतलं काहीतरी बघायचं असतं, एकांकिका किंवा छोटं नाटक तिथं चांगलं बसतं, गणपती आडवे आले तर आठवडाभर पुढं ढकला. दुसरी जागा नोव्हेंबर-डिसेंबर, पाच नोव्हेंबरचा रंगभूमी दिन अन् स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण त्याच सुमारास असते. तिसरी जानेवारीचा शेवट, थंडी सरत आलेली अन् सोयाबीन-कापसाचे दोन पैसे हातात आलेले, ही वर्षातली सगळ्यात भारी जागा, ती संगीत नाटकाला राखून ठेवा. मे महिन्यात मोठं काही करूच नका, बालनाट्याचं शिबिर घ्या अन् शेवटी पोरांचा प्रयोग, प्रत्येक पोरामागं आजी-आजोबांसकट पाच-सहा खुर्च्या आपोआप भरतात.

आता हॉल. संभाजीनगरला तापडिया नाट्यमंदिर, संत एकनाथ रंगमंदिर आहे, नांदेडला शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह, परभणीला बी. रघुनाथ सभागृह, लातूरला दयानंद सभागृह, तुमच्या गावात जे असेल ते, पण फोनवर बुक करू नका, जाऊन बघा. भाडं किती हा शेवटचा प्रश्न. आधी विचारा शिफ्ट किती तासांची, सेट आदल्या रात्री लावू देता का, लाईट गेली तर जनरेटरचं डिझेल कुणाचं, डिमरचे (स्टेजवरचा उजेड कमी-जास्त करायच्या यंत्राचे) किती चॅनल खरंच चालू आहेत, मेकअप रूमला पाणी येतं का. मग एका माणसाला स्टेजवर उभं करा, तुम्ही शेवटच्या रांगेत बसा अन् सगळे पंखे चालू करून त्याला साध्या आवाजात चार वाक्यं बोलायला लावा. पंख्याच्या खडखडीत शब्द गिळले जात असतील तर माईकचा खर्च आत्ताच बजेटमधी लिहून टाका. सरकारी हॉल असेल तर आयत्या वेळी शासकीय कार्यक्रम लागून तारीख जाऊ शकते, म्हणून बदली तारीख अन् डिपॉझिट परत मिळण्याचं लेखी घ्या. निवडणुका जवळ असतील तर आचारसंहितेचं पण विचारून ठेवा.

तारखा हातात आल्या की मग नाटकं. इथं लोक आवडीनं वाहत जातात, पण बघायचं असतं ते माणसांकडं. तुमच्याकडं नियमित तालमीला येणाऱ्या बाया किती, हा खरा प्रश्न, कारण पुरुष पात्रं कुठूनही मिळतात, पण रात्री नऊ वाजता तालीम संपवून घरी जाणाऱ्या बाईला घरून फोनवर फोन यायलेत, हे सगळ्याच ग्रुपचं आहे. तालीम साडेसहाला सुरू करा, साडेआठला सोडा, निम्मा प्रश्न सुटतो. अन् लागोपाठच्या दोन नाटकांत एकच नायक घेऊ नका, तो कितीही चांगला असला तरी. एक तर तो थकतो, दुसरं म्हणजे बाकीची पोरं कायम बॅकस्टेजला खिळे ठोकत राहतात अन् वर्षाच्या शेवटी सोडून जातात.

कागदपत्रांचं कुणाला आवडत नाही पण करावंच लागतं. हयात लेखक असेल तर लेखी परवानगी अन् मानधन, लेखक गेलेला असेल तर वारसांची. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराईट राहतो, म्हणजे किर्लोस्कर, देवल, गडकरी, १९४८ ला गेलेले खाडिलकर, यांच्या मूळ संहिता आता मोकळ्या आहेत, पण कुणी हल्ली नव्यानं संपादित केलेली रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठी काटछाट करून बसवलेली प्रत, उचलली तर त्या माणसाला विचारावंच लागतं. हौशी मंडळींनी फुकट प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे, तुम्ही तिकीट लावलं की ती गेली. नव्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सरकारी सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं, त्याचा अर्ज अगदी सुरुवातीलाच टाका, पोस्टर छापल्यावर नको.

संगीत नाटकाबद्दल जरा सविस्तर, कारण सीझन बुडतो तो इथंच. वर्षाला एकच करा. जानेवारीचा प्रयोग असेल तर ऑगस्टमधी गायक ठरलेले पाहिजेत, अन् निवडताना पेटीवाल्याला शेजारी बसवा. होतं काय, प्रत्येकाची पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या सुराला सा धरून तो गातो ती, वेगळी असते, नायक काळी एकमधी गाणारा, नायिका काळी चारची, दोघं वेगवेगळे ऐकले तर झकास, अन् दोघांचं एकत्र पद आलं की एकाचा आवाज खाली बुडतो नाहीतर दुसरीचा वर चिरकतो. म्हणून पट्टी आधी, भूमिका नंतर. दुसरं, जुन्या संहितेत पदांची गर्दी असते, किर्लोस्करांच्या १८८२ च्या संगीत सौभद्रचा प्रेक्षक रात्रभर बसायचा, आपल्या प्रेक्षकाला शेवटची एसटी गाठायची असते. पदं कमी करा, पण करताना बघा की कोणत्या पदात गोष्ट पुढं सरकते, ते ठेवा, नुसत्या वर्णनाचं असेल ते सोडा. अडीच तासांत मध्यंतरासकट बसलंच पाहिजे.

अन् गवयी मिळत नसतील तर नाट्यपदांच्याच मागं कामून लागायचं? पैठण आपल्याकडं आहे, एकनाथांची भारुडं आहेत, त्यावर कुणाचा हक्क नाही, अन् भारूड मुळातच सोंग घेऊन करायचं असतं, म्हणजे अर्धं नाटक तयारच. गावातलं भजनी मंडळ, एक संबळवाला गोंधळी, एक ढोलकी, एवढ्यावर संगीत नाटक उभं राहतं अन् त्यात मजा अशी की ते भजनी लोक पट्टीला पक्के असतात, रोजची सवय. फक्त त्यांना मानधन द्या, रोख, प्रयोग झाल्याबरोबर, ‘आपलेच आहेत’ म्हणून श्रीफळावर भागवू नका. माईकचं एक सांगतो, कॉलर माईक नऊवारीच्या पदराखाली लावला की जरीला घासून खर्रखर्र येतं अन् वरून ठुशी-मोहनमाळ वाजते ती वेगळीच. पदर जिथं घासत नाही अशा बाजूला, गळ्यापासून चार बोटं खाली, चिकटपट्टीनं पक्का करा, वायर पाठीमागून काढा अन् रंगीत तालीम पूर्ण दागिन्यांसकट घ्या, नुसती पदं म्हणून नको.

पैशाचं. सीझन पास काढा, तिन्ही नाटकांचा मिळून, सुट्या तिकिटांपेक्षा थोडा स्वस्त, अन् पहिल्या नाटकाच्या महिनाभर आधी विकायला लागा. डॉक्टर मंडळी, बँक स्टाफ, रिटायर्ड शिक्षक यांच्याकडं दोघादोघांनी घरी जायचं, व्हॉट्सअपवर पोस्टर टाकलं की अंगठे भरपूर येतात पण पैसे येत नाहीत. जाहिराती कापड दुकान, सराफ अन् कोचिंग क्लासवाल्यांकडून घ्या, लातूर-नांदेडला तर क्लासवाल्यांइतका पैसा कुणाकडंच नाही, त्यांना पत्रिकेचं मागचं पान द्या. फुकट पासची यादी मात्र आधीच ठरवा, पहिल्या दोन रांगांच्या पुढं जाऊ देऊ नका, कारण फुकटातला माणूस मध्यंतरानंतर चहाच्या टपरीवरून परत येत नाही, खुर्ची रिकामी दिसते अन् विकत घेणाऱ्याला वाटतं नाटक पडलं.

वेळ संध्याकाळी साडेसहाची ठेवा अन् तिसरी घंटा त्याच वेळेला द्या, पाहुणे आले नाहीत म्हणून थांबू नका, सत्कार करायचाच असेल तर मध्यंतरात पाच मिनिटं. पहिल्या प्रयोगाला लोक पावणेसातला येतील, कुरकुर करतील, तिसऱ्या नाटकाला सव्वासहालाच खुर्च्या भरलेल्या असतील. प्रत्येक प्रयोगाचा हिशोब पुढच्या नाटकाची पहिली तालीम लागायच्या आत सगळ्यांसमोर मांडा, डिझेल, चहा, टेम्पो, सगळं, घाटा असेल तर घाटा म्हणून, अन् पुढच्या वर्षाच्या तारखांचा अर्ज मे महिन्यातल्या बालनाट्याच्या वेळीच हॉलच्या ऑफिसात देऊन पोच घ्या.