कोलंबीची पिल्ले भरतीच्या रात्री कशी पाहावीत

नाशिकच्या गोदाघाटापर्यंत भरती-ओहोटी पोहोचत नाही, म्हणून कोकणातल्या खाडीकडे निघण्यापूर्वी आपण पंचांग पाहावे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते; द्वादशीला 9. मला अमावास्या सर्वांत सोयीची वाटते, कारण उधाणाचे पाणी तिन्हीसांजेपासून मध्यरात्रीपर्यंत चढत राहते.

धक्क्यावर बसून, दर अर्ध्या तासाने वरच्या थरातले पाणी काचेच्या बरणीत घ्यावे आणि विजेरीच्या उजेडात निरखावे. भरतीत कोलंबीची पारदर्शक पिल्ले, ज्यांचे काळे ठिपक्यांएवढे डोळेच आधी दिसतात, तळ सोडून वर येतात व प्रवाहाबरोबर खाडीत आत शिरतात. ओहोटी लागताच ती तळाशी बसतात, त्यामुळे समुद्राकडे वाहून जात नाहीत. पाहून होताच पिल्ले हळुवारपणे पाण्यात सोडावीत. अंधारात चिखलात मात्र उतरू नये.