कराटे लावताय? मग बेल्टचं थोडं ऐका

मी एकतिसाव्या वर्षी कराटे लावलं, शाळेच्या हॉलमध्ये भरणारा शोतोकानचा, म्हणजे कराटेच्या एका शैलीचा, क्लास. पहिल्या दिवशी लायनीत सगळ्यात शेवटी मी आणि माझ्या आधी येलो बेल्टवाली आठ वर्षांची पोरगी, कारण रांग वयाने नाही, बेल्टने लागते. गाठ बांधायला तिनेच शिकवलं, दोन्ही टोकं सारखी यायला पाहिजेत ताई, नाहीतर सर सोडायला लावतात.

नवीन माणसाचा पहिला गोंधळ आकड्यांचा. ब्लॅक बेल्टच्या आधीच्या पायऱ्या म्हणजे क्यू, ते उलटे मोजायचे, दहावा खालचा आणि पहिला वरचा, ब्लॅकपासून पुढे डान, ते सुलटे. रंगांचा क्रम संघटनेगणिक बदलतो, त्यामुळे मैत्रिणीच्या मुलाच्या ग्रीनशी आपला ग्रीन लावून बघू नका.

आणि ही पद्धत मुळात कराटेची नाहीच बरं का, ज्युडोवाल्या जिगोरो कानोंनी १८८३ मध्ये दोन शिष्यांना पहिला डान दिला, ती कल्पनाही गो नावाच्या पटावरच्या खेळातली. शोतोकान कराटेवाल्या गिचिन फुनाकोशींनी ती कराटेत आणली १९२४ मध्ये. पांढरा पट्टा न धुता वापरून वापरून काळा पडला वगैरे ऐकाल, ती थाप आहे, पट्टा खुशाल धुवा.

पहिल्या डानला शोदान म्हणतात आणि त्यातला 'शो' म्हणजे सुरुवात. म्हणजे ब्लॅक बेल्ट मिळाला की बेसिक झालं, आता शिकायला बसा. हे मला फार उशिरा कळलं, तोवर मी नुसती पुढच्या रंगामागे धावत होते. ऑरेंजच्या परीक्षेत हेआन शोदान नावाचा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, होता, पहिलाच गेदान बराई, म्हणजे खालचा ब्लॉक, डावीकडे वळून, मी वळले उजवीकडे, शेजारची मुलगी आणि मी समोरासमोर, नापास. तेव्हा रडू आलं होतं खरं, पण मध्ये काही दिवस गेले त्या दुसऱ्या एका क्लासमध्ये दर तीन महिन्याला फी भरली की अख्खी बॅच पास व्हायची, तिथल्या बेल्टने मला एक धड पंचही शिकवला नव्हता. म्हणून क्लास लावायच्या आधी विचारा की गेल्या परीक्षेत किती जण नापास झाले. सर चिडले तर तिथे जाऊ नका.

आता माझा ब्राऊन आहे, सहा वर्षांनी. ती पोरगी परवा शोदान झाली, अजून लायनीत माझ्या पुढेच असते, काल मागे वळून म्हणाली, ताई, टोकं बघा.