मारुती ८०० ची अ‍ॅक्सिलरेटर केबल: घरी तपासणी आणि सेटिंग

आयडलिंग (पेडलवर पाय नसतानाचा इंजिनचा वेग) कमी झालं की काही जण अ‍ॅक्सिलरेटर केबल ओढून रेस वाढवून देतात. असं कधीही करू नका. केबलची कामं दोनच: पाय काढल्यावर बटरफ्लाय (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी थ्रॉटलची झडप) पूर्ण मिटू देणं आणि पेडल तळाला गेल्यावर तो पूर्ण उघडणं. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत केबल ताणून बटरफ्लाय जरासा उघडा ठेवला, तर थ्रॉटल मिटल्याचा सिग्नल ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) मिळत नाही. मग आयडलिंग आणखी बिघडतं आणि घाट उतरताना इंजिनचा ब्रेक नीट लागत नाही.

ही पद्धत जुन्या ८००, झेन, एस्टीम, ओम्नी अशा केबलच्या गाड्यांसाठी आहे. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे सीट उचलावी लागते. थ्रॉटल बॉडीकडे (बटरफ्लाय ज्यात बसवलेला असतो त्या भागाकडे) केबल न जाता फक्त वायरिंगचा कप्लर जात असेल, तर थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे. तिथे यातलं काहीच लागू नाही.

इंजिन चांगलं गरम करून बंद करा, हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा, किल्ली काढून घ्या. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक पूर्ण आत हवा, कारण चोक ओढलेला असताना थ्रॉटल थोडा उघडाच राहतो. पायाखालची मॅट बाजूला काढा. पेडल अडकण्याचं कारण पुष्कळदा तीच असते.

नटांना हात लावण्याआधी अडकतंय कुठे ते शोधा. थ्रॉटलचा लिव्हर (केबलचं टोक ज्यात अडकवलेलं असतं तो) हाताने उघडा, केबल सैल पडेल, तिचं टोक खाचेतून सरकवून बाहेर काढा. आता नुसता लिव्हर उघडून सोडा. तो टक्कन परत आला पाहिजे. रेंगाळला तर दोष थ्रॉटल बॉडीतल्या काजळीचा किंवा रिटर्न स्प्रिंगचा. काजळी कार्ब क्लीनरने साफ करा, केबलला दोष देऊ नका. लिव्हर मोकळा असेल तर कुणाला तरी पेडल हळू दाबायला सांगून आतली तार बघा. खरखर लागली, किंवा टोकाजवळ एखादा धागा तुटून वर आलेला दिसला, तर नवीन केबल टाका. तुटका धागा बाहेरच्या नळीत अडकला की पाय काढल्यावरही रेस उतरत नाही. तार डाग देऊन जोडू नका. केबलला कुठे तीव्र वळण नको आणि ती सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला टेकायला नको. पेडलकडचं टोकही टॉर्चने बघा. घासणं तिथेही असतं.

सगळं ठीक असेल तर केबल परत अडकवा आणि ब्रॅकेट (केबलची बाहेरची नळी धरणारी पट्टी) व लिव्हर यांच्या मधली तार बोटाने दाबून प्ले, म्हणजे तारेचा ढिलेपणा, मोजा. गरम इंजिनवर साधारण ३ ते ५ मिमी हवा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा.

ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना एकेक नट असतो. प्ले कमी करायचा तर लिव्हरकडचा नट सैल करा आणि पलीकडचा आवळा. वाढवायचा तर उलट. एका वेळी अर्धाच फेरा द्या, परत मोजा. शेवटी एक नट पान्याने धरून दुसरा आवळा, नाहीतर सेटिंग हलतं.

आता मदतनिसाने पेडल तळापर्यंत दाबावं, इंजिन बंदच. लिव्हर फुल-ओपन स्टॉपरच्या अगदी जवळ, एखाद-दोन मिमीवर थांबला पाहिजे. लांब राहिला तर चढावर पिकअप मिळणार नाही. पेडल तळाला जायच्या आधीच स्टॉपरवर आपटत असेल तर प्रत्येक वेळी सगळा ताण तारेवर येतो. थ्रॉटल बॉडीवरचा स्टॉप स्क्रू मात्र फिरवू नका, तो कंपनीतूनच बसवलेला असतो.

इंजिन सुरू करून दोन-तीनदा रेस द्या आणि आयडलिंगला पटकन उतरते का ऐका. क्लच सोडताना किंवा इंजिन हलल्यावर आपोआप रेस वाढत असेल, तर प्ले फार कमी आहे किंवा इंजिनचं माउंटिंग (इंजिनला धरून ठेवणारं रबर) गेलं आहे. प्ले बरोबर असूनही तसं होत असेल तर माउंटिंग आधी बदला.