नवरा-बायकोची ॲक्शन कॉमेडी लिहायचीय? आधी भांडण लिहा, बंदूक नंतर

शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरापोरींमध्ये हा विषय हमखास निघतो, नवरापण सिक्रेट एजंट, बायकोपण सिक्रेट एजंट, दोघांना एकमेकांचं माहीत नाही. आणि मग पहिल्याच पानावर धाडधाड गोळीबार. तसं अजिबात करू नका. या प्रकारात लोक बघतात ते लग्न, गोळीबार त्याच्यामुळे बघवतो.

सुरुवात करायच्या आधी 'मिस्टर अँड मिसेस स्मिथ' परत एकदा बघा, २००५ चा, ब्रॅड पिट आणि अँजेलिना जोलीचा, डग लायमनने केलेला. पटकथाकार सायमन किनबर्गने ही गोष्ट कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकत असताना लिहायला घेतली होती. पिक्चर उघडतो तो समुपदेशकासमोर, दोघं खुर्च्यांवर अवघडून बसलेत, लग्नाला किती वर्षं झाली विचारल्यावर तो म्हणतो पाच, ती म्हणते सहा. झालं, अख्खं लग्न कळलं आपल्याला. पुढे घरात नवीन पडदे लागतात, त्याला आवडत नाहीत, ती म्हणते नाही आवडले तर परत देऊ, तो म्हणतो ठीके, नाही आवडले, आणि ती म्हणते होईल सवय.

तर तुम्ही काय करायचं, वही घ्या आणि आधी नुसती भांडणं लिहून काढा. पलंगावर ओला टॉवेल, गीझर चालूच राहिला, तुझ्या आईचा फोन आला होता ते सांगितलंच नाहीस, असली. भांड्याला भांडं लागतं ते अशाच गोष्टींवरून. त्यातलं एकच निवडा, ज्याच्या खाली काहीतरी न बोललेलं आहे असं. मग तो सीन बंदुकीशिवाय पूर्ण लिहा आणि दोघांना मोठ्याने वाचायला लावा, तिथे हसू आलं नाही तर वर कितीपण स्फोट टाका, येणार नाही.

आता गुपित फुटायचा सीन. इथे सगळे घाई करतात, फोनवर ऐकलं, कपाटात पिस्तूल सापडलं वगैरे. स्मिथमधला जेवणाचा सीन नीट बघा. दोघांनाही संशय आलेला आहे, पण वरवर सगळं गोडीगुलाबीत चाललंय, तो वाईन ओतता ओतता बाटली मुद्दाम हातातून सोडतो, आणि ती क्षणात झेलते. साध्या गृहिणीला जमणार नाही अशी झेलते. दोघांची नजरानजर होते, तिच्या लक्षात येतं आपण काय केलं ते, आणि मग ती बाटली सोडून देते, वाईन गालिच्यावर. एक गोळी नाही, एक खुलासा नाही. तुमच्याकडे गालिचा नसेल, पण ओट्यावरून घरंगळणारी वाटी तर आहे ना, तेवढी पुरते.

ॲक्शनमध्येही बोलणं थांबवू नका, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गाडीच्या पाठलागात मागे मारेकरी लागलेत आणि ही दोघं एकमेकांना लग्नात मारलेल्या थापा सांगतायत, तो म्हणतो माझं आधी एक लग्न झालं होतं, तिचं डोकंच फिरतं, लगेच त्या बाईचं नाव विचारते, आणि तो म्हणतो तिला मारायचं नाही हां. पाठलाग काढून टाका, तरी सीन उभा राहतो. ही कसोटी स्वतःच्या प्रत्येक फाईटला लावा.

एक गोष्ट मात्र जपून. दोघं तोडीस तोड हवीत. घरातल्या मारामारीत जोली जेवढं खाते तेवढंच देते, म्हणून ती मजा वाटते. एकजण खरंच घाबरलाय असं एका शॉटमध्येही दिसलं तर ती कॉमेडी उरत नाही, घरातली मारहाण होते, आणि त्यावर कुणी हसू नये. लिहितानाच ठरवा कोण कधी वरचढ, आणि पारडं सतत फिरतं ठेवा.

शूट करताना खरी सुरी, खरी काच नको, सुरी रबराची घ्या, कडा बोथट असल्या तरी धातूची नको. फाईट आधी अगदी सावकाश बसवा, एक वार म्हणजे एक वाक्य असं धरून, पाठ झाल्यावरच स्पीड वाढवा, आणि कुणीपण थांब म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. जागा एकच ठेवा, स्वयंपाकघर बेस्ट, लाटणं, तवा, कुकरची शिट्टी सगळं हाताशी, शिवाय आवाज आयते मिळतात.

शेवटी बाहेरचा शत्रू आणायचाच असेल तर दोघांची आतली भानगड मिटत आल्यावर आणा, आधी आणलात तर ती एकमेकांशी बोलायचीच राहतात. आणि गोळ्या संपल्यावर परत त्या पहिल्या भांडणावर या. टॉवेल कुणी उचलायचा ते अजून ठरलेलं नसलं तरी चालेल.